लिसांद्रोच्या डोक्यावरचे तीन नवस

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी योकास्ताने स्वयंपाकघरातल्या अल्ताग्रासिया मातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि नवस बोलली, "माते, माझ्या लिसांद्रोला त्या शाळेत जागा मिळू दे. निकाल लागेपर्यंत त्याच्या केसांना कात्री लावणार नाही."

लिसांद्रो, वय वर्षं तेरा, आत झोपला होता. (केस त्याचे, तर त्याला विचारावं, हे तिला सुचलंच नाही.)

ती शाळा मॅनहॅटनमध्ये, पाद्र्यांची, फक्त मुलांची. फी एक सेंटही नाही, आणि जागा मूठभर. त्या दिवशी शाळेची प्रवेशाची लेखी परीक्षा होती. योकास्ता ब्रॉन्क्सच्या सलूनमध्ये दिवसभर उभी राहून बायकांचे केस सरळ करायची आणि तिच्या मनात एकच घोकणी चालायची: आपली शाळा सातवीत सुटली, पोराची सुटता कामा नये.

दुपारपर्यंत सासूबाईंना, डोन्या फेलांना, नवसाचा पत्ता लागला.

"मला वगळून परस्पर बोलणी केलीस, सूनबाई? आणि तीही नुसत्या केसांवर?"

त्यांनी तिथल्या तिथे संत मिगेलला शब्द दिला: निकालापर्यंत पोरगा मांसाला शिवणार नाही. नवरा एलादियो इमारतीचा बॉयलर सांभाळायचा. तो तरी मागे का राहील? प्रवेश मिळाला तर लिसांद्रो घरापासून चर्चपर्यंत बावीस चौक अनवाणी चालेल, असं त्याने जाहीर केलं.

"निकाल फेब्रुवारीत आहे. बर्फ असतो तेव्हा," योकास्ता म्हणाली.

"म्हणूनच. उन्हाळ्यात चालला तर संतांना कसलं अप्रूप?"

"मग तू चाल ना."

"शाळेत मी जाणार आहे का?"

लिसांद्रो लेखी परीक्षा पास झाला आणि जानेवारीत मुलाखतीला गेला. केस डोळ्यांवर आलेले, गालफडं बसलेली. (सलूनमधल्या बायका विचारायच्या, "घरचं गिऱ्हाईक परवडत नाही वाटतं?") आईबाप बाहेर बाकावर बसले. वीस मिनिटांनी एका म्हाताऱ्या फादरनी दोघांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मुलगा हुशार आहे," ते हळूच म्हणाले. "पण मी विचारलं, घरी कसं चाललंय. तर म्हणतो, केस कापू देत नाहीत, मांस देत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात बर्फात अनवाणी सोडणार आहेत. घरात काही अडचण आहे का?"

योकास्ताला वाटलं, शाळा तर हातची गेलीच, वर आता पोलीस येणार. तिने रडत रडत तिन्ही नवस सांगितले. एलादियो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

फादर गंभीरपणे म्हणाले, "नवस ज्याचा त्याने फेडायचा असतो, बाई. दुसऱ्याच्या डोक्यावर घालता येत नाही."

त्याच संध्याकाळी लिसांद्रोचे केस कापले गेले आणि त्याने सलामीच्या मांसाच्या तळलेल्या चकत्या तीनदा मागून घेतल्या. योकास्ताने मात्र स्वतःच्या केसांना हात लावायचं सोडलं. डोन्या फेलांनी मांस सोडलं, ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी संत मिगेलनी स्वप्नात येऊन वयाची सूट दिली. एलादियो रोज हवामानाचा अंदाज बघू लागला.

फेब्रुवारीत पाकीट आलं. योकास्ताने ते फोडलं, वाचलं आणि खुर्चीत बसली. प्रवेश मिळाला होता. एलादियो निमूटपणे मोजे काढू लागला.

"आई," लिसांद्रो म्हणाला, "मीपण एक नवस बोललोय. प्रवेश मिळाला तर चार वर्षं तू मला मार्क विचारणार नाहीस."

"तुझा नवस माझ्या डोक्यावर कसा? फादर काय म्हणाले, सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलंस. म्हणून मुद्दाम फोन करून त्यांना विचारलं. ते म्हणाले, हा एक चालेल."

तर मंडळी, त्या शाळेत मुलगा असलेली एखादी आई तुमच्या ओळखीत असेल, तर तिला एवढा निरोप द्या: लिसांद्रोला गणितात किती पडले, ते आपल्या मुलाकडून काढून घ्या आणि सलूनमध्ये येऊन योकास्ताच्या कानात सांगा. केस फुकट सरळ करून मिळतील.