मॉक ड्रिलचा पेशंट

बिरादार अप्पा आमच्या ग्रामीण रुग्णालयात आजवर कोरोनानं, डेंग्यूनं, गॅस्ट्रोनं आणि एकदा बर्ड फ्लूनं आजारी पडलेत, आणि प्रत्येक वेळी चहा येईपर्यंत बरे झालेत. वय एकोणसाठ, हुद्दा वॉर्डबॉय, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. साथ आली तर दवाखाना कितपत तयार आहे ते बघायला जिल्ह्यावरून मॉक ड्रिलचं पत्र येतं, आणि त्यातला खोटा पेशंट म्हणजे अप्पाच. दुसरं कुणी स्ट्रेचरवर झोपायला तयार नसतं. मी इथली इन्चार्ज सिस्टर. घड्याळ, तक्ता आणि वरून येणारी बोलणी माझ्या वाट्याला.

अप्पांना मात्र या कामाची भारी हौस. पत्र आलं की माझ्या टेबलाशी हजर. "बाई, औंदा काय हाय? खोकला का जुलाब? आधी सांगा, तयारी लागती." ड्रिलच्या दिवशी ते सकाळपासून उपाशी. "पेशंट काय पोटभर भजे खाऊन येत असतो का?"

मागच्या खेपेला अँब्युलन्समधून उतरताना ते असे काही खोकले, की ओपीडीतले निम्मे खरे पेशंट पळाले. लोह्याहून आलेली एक म्हातारी तेवढी थांबली. "ह्याला बघा आधी, बाई," ती मला म्हणाली, "माझं गुडघ्याचंच हाय, मी उद्याला येते."

बाकीच्या तयारीबद्दल काय सांगावं! पीपीई किट एकाच मापाचे येतात आणि आमच्या उंच डॉक्टरांच्या गुडघ्याशी अडकतात. ऑक्सिजनच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका रजा टाकून नायगावला गेलेला असतो. शेवटी मी तक्त्यात 'सुधारणा करण्यात येईल' असं लिहिते. इतक्यांदा लिहिलंय की आता त्याची लाजही वाटत नाही.

पण आमचं ड्रिल खरं अडतं ते अप्पांपाशी. आयसोलेशन वॉर्डाच्या दारात स्ट्रेचर आलं, की ते दोन्ही हातांनी चौकट धरतात.

"घरी कळवलं का?"

"कळवलं, अप्पा. चला आता."

"कुणाला कळवलं? काय म्हनले?"

गेटपासून खाटेपर्यंत किती मिनिटं लागावीत हे ठरलेलं असतं. वरचे साहेब घड्याळ बघतात आणि मी दात-ओठ खाते. एकदा तर मी ओरडलेच, "अहो, खोटं-खोटं आहे हे सगळं!"

"खोट्यात सवय लागली न्हाई, तर खऱ्यात कोन कळवतंय, बाई?"

मला सगळं ठाऊक होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अप्पा इथं माझ्याबरोबर आयसोलेशनमध्ये लोकांचे डबे पोचवत होते, आणि तिकडं उदगीरला त्यांची बायको महानंदा आजारी पडली. तिला एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवलं. ती गेल्याचं अप्पांना दोन दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या भाच्याकडून. दवाखान्यातून कुणी कळवलंच नाही. मूलबाळ नाही, दोघंच दोघं होते. त्या वर्षी आम्ही इतकं काही बघितलं, की अप्पांचं दुःख मी बाजूला सारून ठेवलं. पुढं तर ते मला ड्रिलमधली अडचण वाटायला लागलं. लाज वाटते हे सांगताना.

यंदाचं ड्रिल अप्पांचं शेवटचं होतं. लगेच नंतर ते निवृत्त होणार होते. नव्या डॉक्टर मॅडमनी सांगून टाकलं, की पेशंट म्हणून प्रशिक्षणाचा रबरी पुतळा वापरायचा, वेळ वाचेल. अप्पांचा चेहरा एवढासा झाला.

"पुतळा काय इचारणार न्हाई, म्याडम," ते एवढंच म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

मग मी मॅडमना महानंदाबाईंचं सगळं सांगितलं. त्यांनी पुतळा परत कपाटात ठेवला.

ड्रिलच्या दिवशी नांदेडहून दोन साहेब आले. अप्पा खोकत उतरले, स्ट्रेचरवरून दारापर्यंत आले आणि त्यांनी चौकट धरली. "घरी कळवलं का?"

मी घड्याळाकडे बघितलं. मॅडम पीपीईच्या आतून म्हणाल्या, "सिस्टर, फोन लावा."

घरचा नंबर अप्पांनीच सांगितला. मी लावला, आणि रिंग वाजली ती अप्पांच्याच खिशात. सगळे खो-खो हसले, साहेबसुद्धा. अप्पांनी झोपल्या झोपल्या फोन काढून कानाला लावला.

"हॅलो, बिरादार बोलून राहिलो."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी. "अप्पा, दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या पेशंटला आत घेतलंय."

"शुद्धीवर हाय का?"

"हो, आहे."

"महानंदा जेवली का, बाई?"

हसणं थांबलं. मी म्हणाले, "जेवली. थोडा दूधभात खाल्ला. तुमची चौकशी करत होती."

"लई बरं झालं सांगितलं," अप्पा म्हणाले. "येऊनच राहिलो म्हनावं तिला."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि चौकट सोडली. स्ट्रेचर आत गेलं.

जाताना साहेबांनी उशिराचं कारण लेखी मागितलं. मी लिहिलं, 'नातेवाइकांना कळवण्यात आले.'