दोन हजार तीनशे चौदा उड्या

तिसऱ्या मजल्यावर उजव्या हाताच्या घरात एक सहा वर्षांची मुलगी सोफ्यावरून खाली उडी मारत असे. उडी मारून झाली की ती पुन्हा सोफ्यावर चढे आणि पुन्हा उडी मारे. या घटनाक्रमात प्रशासनाने लक्ष घालावं असं वरवर पाहता काहीच नव्हतं.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण उड्या मारत नसेल तेव्हा ती स्वतःभोवती गरागरा फिरे. फिरत नसेल तेव्हा फ्रॉकची कॉलर चघळे, आणि कॉलर नसलेला फ्रॉक असेल त्या दिवशी गादी आणि भिंत यांच्या फटीत स्वतःला कोंबून घेऊन तिथे समाधानाने पडून राही. बोलायची थोडंच, पण मुद्द्याचं. तिची आई घरी पडदे शिवायची. वडील एका सरकारी कार्यालयात अभिलेखपाल होते, म्हणजे जुने कागद सांभाळायचे. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद हरवला नव्हता आणि एकही वेळेवर सापडला नव्हता.

‘‘ती हे मुद्दाम करत नाही,’’ भिंगरीला तपासून झाल्यावर थेरपिस्टताईंनी आईवडिलांना समोर बसवून सांगितलं. ‘‘तिच्या शरीराला ते लागतं. दाब लागतो, धक्का लागतो, गिरकी लागते. मिळालं नाही की ती बिथरते, मग डोकं आपटते, हात चावते. तर तिनं मागायच्या आधीच द्या. दर दोन तासांनी दहा मिनिटं उड्या, काहीतरी जड ढकलायला, मग पांघरुणात घट्ट गुंडाळी. घरात एक झोळी टांगा. बस्स, एवढंच.’’

‘‘हे लेखी मिळेल का?’’ वडिलांनी विचारलं.

ताईंनी अर्ध्या कागदावर लिहून दिलं. आईने तो कागद एकदा वाचला, घरी येऊन पडद्यांमधून उरलेल्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची झोळी शिवली आणि छताच्या कडीला टांगली. वाळू भरून एक जड पिशवी केली आणि ती या खोलीतून त्या खोलीत ढकलायचं काम भिंगरीला दिलं. पंधरवड्यात पोरगी सलग झोपायला लागली, दोन घास जास्त खायला लागली आणि तिच्या मनगटावरचे चावल्याचे व्रण सुकले. आईच्या जिवात जीव आला.

वडिलांनीही त्या पंधरवड्यात तोच कागद वाचला आणि त्याचं परिपत्रक केलं. विषय : घरगुती उड्यांचे नियमन व तत्संबंधी नोंदी. त्यानुसार उडी मारण्यापूर्वी अर्ज करणं आवश्यक होतं. अर्जदारास लिहिता येत नसल्याने तिने छापील चित्रांपैकी योग्य त्या चित्रावर बोट ठेवावं, अशी सवलत देण्यात आली होती.

भिंगरीने पहिला अर्ज खाल्ला. ‘अर्ज प्राप्त. अर्जदाराने भक्षण केल्यामुळे पुढील कार्यवाही शक्य नाही,’ असा शेरा वडिलांनी मारला आणि दुसरा अर्ज जाड कागदावर काढला. तो तिला जास्त आवडला.

‘‘अहो, तिला उडी मारायची असते तेव्हा ती मारते,’’ आई शिलाई मशीनवरून म्हणाली. ‘‘अर्ज कसले घेऊन बसलात?’’

‘‘अगं, पण नोंद नको का? उद्या कुणी विचारलं तर?’’

‘‘कोण विचारणार आहे आपल्या पोरीच्या उड्या?’’

अखेर तडजोड झाली. अर्ज बंद झाले, पण नोंदवही राहिली. तिच्यात तारीख, वेळ, उडीचं उगमस्थान आणि उंची असे रकाने होते. शिवाय ‘उतरण्याची पद्धत’ असा एक रकाना होता आणि त्यात पायांवर, ढुंगणावर आणि वडिलांवर असे तीन पर्याय होते. दिवसा आईने पेन्सिलीने मारलेल्या रेघा वडील संध्याकाळी सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. या कामात त्यांना मनापासून आनंद मिळत होता, हे मान्य केलं पाहिजे.

आणि मग विचारणारा निघाला. बरोबर खालच्या घरात एक निवृत्त शाळा निरीक्षक राहत होते. पस्तीस वर्षं ते वर्गावर्गांत शिरून मुलांना हाताची घडी घालायला लावत आले होते, आणि आता उतारवयात वरून येणारा धप असा आवाज त्यांना घडी मोडल्यासारखा वाटत होता. त्यांनी इमारतीच्या समितीकडे तक्रार केली. समितीने नोटीस काढली : ‘आपल्या निवासस्थानातून दिवसाकाठी तीस ते चाळीस वेळा धप असा आवाज येत असल्याबाबत.’

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. वडिलांचा चेहरा उजळला. आपल्याला कळेल अशा भाषेत इमारतीतलं कुणीतरी पहिल्यांदाच आपल्याशी बोलतंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी अकरा पानी उत्तर तयार केलं, थेरपिस्टताईंचा अर्धा कागद जोडला, आणि घरात सगळं किती शिस्तीत चालतं याचा पुरावा म्हणून नोंदवहीची साक्षांकित प्रतही जोडली.

‘‘ती वही देऊ नका,’’ आई म्हणाली.

‘‘का? लपवण्यासारखं काय आहे तिच्यात?’’

‘‘म्हणूनच देऊ नका.’’

त्यांनी दिली. समितीच्या सचिवांनी ती दोन दिवस बसून वाचली आणि बेरीज केली. निरीक्षकांचा आरोप दिवसाला तीस-चाळीस उड्यांचा होता. प्रत्यक्षात सहा आठवड्यांत दोन हजार तीनशे चौदा उड्या झाल्याचं खुद्द आरोपीच्या पित्याने सहीनिशी मान्य केलं होतं, म्हणजे दिवसाला पंचावन्न. त्यांपैकी एकोणतीस उड्या वडिलांच्या अंगावर पडल्या असून त्यांचा आवाज खाली गेला नाही, सबब त्या वगळाव्यात, असा लेखी आक्षेप वडिलांनी घेतला. समितीने तो मोठ्या मनाने मान्य केला आणि उरलेल्या दोन हजार दोनशे पंच्याऐंशी उड्यांसाठी आदेश काढला. उड्या तात्काळ बंद कराव्यात. छत ही इमारतीची सामाईक मालमत्ता असल्याने कडीला टांगलेली झोळी उतरवावी. आदेश मान्य नसल्यास अपील करता येईल.

आदेश तो आदेश. वडिलांनी त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून झोळी उतरवली, घडी घातली आणि कपाटात ठेवली.

पहिला दिवस भिंगरी रिकाम्या कडीखाली मान वर करून उभी राहिली. ‘‘झोळी,’’ ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, आणि दिवसभर म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मनगट चावलं आणि कपाटाच्या दारावर डोकं आपटायला सुरुवात केली. खाली त्याचा आवाज उड्यांपेक्षा मोठा गेला असणार, पण आदेशात डोकं आपटण्याचा उल्लेख नसल्यामुळे तक्रार आली नाही. आईने शिवणकाम बाजूला ठेवलं, तरी ती एकटी पुरी पडेना. वडिलांनी रजा टाकली आणि दुपारभर जमिनीवर बसून पोरीला पाठीमागून घट्ट कवळून धरलं. जरा सैल सोडलं की ती पुन्हा दाराकडे धाव घ्यायची. तिच्या मनगटावर दातांची ताजी रांग उठलेली पाहून त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली आणि रडू आलं. हे सगळं आपल्या सुवाच्य अक्षरामुळे झालं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

‘‘रडून काय होणार?’’ आई म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. ‘‘एवढी वर्षं लोकांची कामं अडवायला वापरलीत ना ती अक्कल? आता जरा पोरीसाठी वापरा.’’

वडिलांनी समितीची नियमावली मागवली.

अपिलाची सुनावणी तळमजल्यावरच्या सभागृहात झाली. लांब टेबलामागे अध्यक्ष, सचिव, एक महिला सदस्य आणि खजिनदार बसले होते. तक्रारदार निरीक्षक बाजूच्या खुर्चीत ताठ बसले होते, अर्थात हाताची घडी घालून.

‘‘हे बघा, आमचं मुलीशी काही वैर नाही,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘पण मूल स्वस्थ बसायला शिकलं पाहिजे. आम्ही नाही का बसत?’’

वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातातल्या कागदावरून नजर उचलली. अध्यक्षांचा गुडघा टेबलाखाली इतक्या जोरात हलत होता, की वर पेल्यातल्या पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. सचिव पेनाचं बटण टकटक दाबत होते. महिला सदस्यांच्या गळ्यातली साखळी हनुवटीपाशी दिसेनाशी होऊन तोंडात गेली होती, आणि खजिनदार किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत होते. वडील हे सगळं बराच वेळ पाहत राहिले. त्यांचं हे पाहणं समितीला शरणागती वाटली.

‘‘एक नम्र विनंती आहे,’’ ते म्हणाले. ‘‘अपील निःपक्ष व्यक्तीने ऐकावं, असं आपल्याच नियमावलीत आहे. या प्रकरणात निःपक्ष म्हणजे जिला स्वतःला असली काही हालचाल करावी लागत नाही, अशी व्यक्ती.’’

‘‘मग आम्ही सगळेच आहोत की!’’

‘‘आहातच. फक्त नोंदीसाठी म्हणून वीस मिनिटं बसून दाखवा. हात, पाय, तोंड काही हलवायचं नाही. जो बसेल त्याचा निर्णय मला मान्य. तोवर आदेशापूर्वीची स्थिती, म्हणजे झोळी आणि उड्या, कायम ठेवावी.’’

‘‘वीस मिनिटांचाच तर प्रश्न आहे,’’ अध्यक्ष हसून म्हणाले आणि त्यांनी सही केली. वडिलांनी सहीपुरती जागा रिकामी सोडून हा मजकूर आधीच लिहून आणला होता.

अध्यक्ष चौथ्या मिनिटाला बाद झाले. ‘‘ही हालचाल नाही, मी विचार करतोय,’’ असं त्यांचं म्हणणं पडलं. सचिवांनी पेन खाली ठेवलं आणि लगेच बोटं मोडायला घेतली. मोठ्या माणसांच्या अशा गोष्टीला सवय म्हणतात आणि लहानांच्या गोष्टीला लक्षण, असा खुलासा त्यांनी केला व तो इतिवृत्तात घेण्यात आला. महिला सदस्यांना साखळी तोंडात आहे हे सांगितल्यावर कळलं, आणि त्यांनी ती घाईघाईने पुसायला घेतली. खजिनदारांनी किल्ल्या दूर सारल्या, पण सातव्या मिनिटाला खिशातला फोन काढून पाहिला. फोन वाजला नव्हता.

राहता राहिले निरीक्षक. ‘‘मला परवानगी असेल तर,’’ ते म्हणाले आणि बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, गृहस्थ पापणीशिवाय काही हलवेनात. वडिलांची पाचावर धारण बसली. हा माणूस निर्णय देणार आणि तो काय देणार हे सभागृहातल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं.

सोळाव्या मिनिटाला आई भिंगरीला घेऊन आली. घरात तिला आवरणं अशक्य झालं होतं. भिंगरीने सभागृहावर नजर टाकली. तिला एक जड वस्तू दिसली, आणि जड वस्तू ढकलायची असते हे तिला घरी शिकवलेलं होतं. ती निरीक्षकांच्या खुर्चीमागे गेली आणि दोन्ही हात नि कपाळ टेकवून सगळ्या ताकदीने खुर्ची ढकलू लागली.

‘‘अहो, तिला धरा!’’ अध्यक्ष ओरडले.

‘‘राहू दे,’’ निरीक्षक ओठ न हलवता म्हणाले. ‘‘यापेक्षा वाईट वर्ग पाहिलेत मी.’’

खुर्ची जुनी होती. भिंगरी ढकले तशी ती पुढे कलायची आणि सोडलं की मागे यायची. अठराव्या मिनिटाला निरीक्षकांनी डोळे मिटले. त्यांच्या हातांची घडी जराशी सैल पडली. एकोणिसाव्या मिनिटाला भिंगरी दमून थांबली.

‘‘थांबलीस का?’’ निरीक्षक डोळे मिटूनच म्हणाले, आणि स्वतःहून पुढे-मागे डुलायला लागले. ‘‘ढकल की.’’

सचिवांनी जड अंतःकरणाने वेळ लिहून घेतली.

तक्रार मागे घेणं निरीक्षकांच्या तत्त्वात बसत नाही आणि अपील ऐकायला निःपक्ष कुणी उरलं नाही, त्यामुळे अपील अजून प्रलंबित आहे. झोळी कडीला परत टांगलेली आहे आणि उड्या चालू आहेत. आता त्या कुणी लिहून ठेवत नाही. आठवड्यातून दोनदा निरीक्षक पाहणीसाठी वर येतात. पांघरुणाच्या गुंडाळीत दहा मिनिटं पडून पाहणी करतात आणि आवाज फार येतो असं बजावून खाली जातात. गुंडाळी भिंगरी करते, आणि हलले की ‘‘गप पडा’’ म्हणते.

निःपक्ष व्यक्ती पाहिजे, अशी सूचना मात्र तळमजल्यावरच्या फलकावर लागलेली आहे. शेजारच्या इमारतींतून नऊ अर्ज आले. ध्यानाचे वर्ग चालवणारे एक गृहस्थ अकराव्या मिनिटाला नाक खाजवून गेले. जागा रिकामीच आहे, आणि समितीची दृष्टी आता सुशिक्षित, वाचनाची आवड असलेल्या, एका जागी बसू शकणाऱ्या माणसांकडे वळली आहे. म्हणजे तुमच्याकडे. ही हकीकत वाचायला घेतल्यापासून तुम्हाला फार तर दहा मिनिटं झाली असतील. अर्ज करायचा विचार असेल तर आधी तो केसांत घातलेला हात काढा. काढलात? छान. मग आता पायाचा अंगठा कशाला हलवताय?

असू द्या, चालू द्या. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला कुणी नोटीस पाठवणार नाही.