घराआधीचं दार

बन्सीअण्णांचं घर लहान झालं ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. पण माझं पुढे सांगतो. आधी अण्णांचं दार.

केजला आमच्या वस्तीत माझ्या शेजारचा प्लॉट अण्णांचा. मी राहायला आलो तेव्हा त्या मोकळ्या प्लॉटवर सागवानी चौकट उभी होती. तिला दोन फळ्यांचं दार, कडी, तोरण, आणि कुठेच न जोडलेली बेल. भिंत नाही, छप्पर नाही. मागे कोपऱ्यात पत्र्याचं शेड, त्यात अण्णा आणि सुंदरावहिनी राहत. पण शेडकडे जाणाऱ्याने दारातूनच जायचं, हा कायदा. पहिल्याच दिवशी मी दाराला वळसा घालून गेलो, तर अण्णा ओरडले, "ओ सर, भिंतीतून कावून आलात? डोकं फुटलं असतं की!"

मी मुकाट्याने मागे फिरलो आणि दारातून आत गेलो. दूधवालाही तसाच जायचा, मीटर बघणाराही. घर कुठंय, असं कुणी विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं: "दार आलंय. बाकीचं घर येतंय मागून."

"दारालाच इचारा," वहिनी शेडमधून म्हणायच्या, "हितलं मालक त्येच हाय."

दोघांनी उभी हयात ऊसतोड केली. अर्धं वर्ष कारखान्यावर, अर्धं इकडे. घराच्या सामानाचे भाव दरसाल चढतात, मग जो जिन्नस आज परवडतो तो आज घेऊन टाकायचा, क्रम लागो न लागो, असं अण्णांचं गणित. त्या गणिताने वॉशबेसिन आलं. वहिनी त्यात मटकी भिजवायच्या. नळ आले, ते लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत. परळीला कुणाचं जुनं घर पाडत होते, तिथून जिन्याचा कठडा आला. जिना नव्हता, म्हणून त्याच्यावर गोधड्या वाळायच्या.

रोज सकाळी अण्णा सामानाच्या दुकानापर्यंत जाऊन येत. काही घ्यायला नाही, विचारपूस करायला. परतताना गल्लीभर प्रकृतीची खबर देत: "सळईला लई ताप हाय. सिमिटाचा उतरंना. वाळूला तर आता बीडलाच न्यावं लागतंय."

आमच्याकडे भिंती चढायला लागल्या की चौकट बसवतात, लेकीबहिणींना बोलावून तिची पूजा करतात. अण्णांनी भिंतींची वाटच पाहिली नाही. पूजा उरकली, बहिणीला साडी नेसवली. पुढे मिस्त्री जागा बघायला आला आणि म्हणाला, "अण्णा, दार थोडं सरकवू. खोली चौकोनी बसंल."

"पुजलेली चौकट हालवतेत का बे?" अण्णा म्हणाले. "घर सरकव."

मिस्त्रीने निमूट घर सरकवलं.

आता माझं. अण्णांनी ऊसतोड सोडली, बैलजोडी विकली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होईल एवढी रक्कम हातात आली. विटा आल्या आणि त्यांचा ढीग नेमका माझ्या पूर्वेच्या खिडकीखाली लागला. त्या खिडकीत मी हिवाळ्यात उन्हाला पाठ देऊन पेपर वाचतो. ढीग बघितला आणि माझ्या मनाने घेतलं, भिंत इथंच येणार.

त्याच आठवड्यात अण्णा आले. येताना आपल्या दाराला कडी घालून आले. "सर, तुमी गणिताचे. सळई आत्ता उचलावी का दम धरावा?"

मी शाळेत गणित शिकवतो. सळईतलं मला ओ की ठो कळत नाही. मला फक्त माझं ऊन कळत होतं. मी म्हणालो, "थांबा अण्णा. दिवाळीनंतर भाव उतरतील."

अण्णा थांबले. सरांनी सांगितलंय म्हणून गल्लीत अभिमानाने सांगत थांबले. दिवाळी झाली, संक्रांत झाली. सळई चढली, सिमेंट चढलं, मिस्त्रीची मजुरी चढली. पैसे तेवढेच राहिले. शेवटी बांधायला काढलं तेव्हा दोनच खोल्या बसल्या. स्वयंपाकघर गळलं.

पायाच्या आखणीची फक्की मारायच्या दिवशी मी बघायला गेलो. पांढरी रेघ माझ्या खिडकीपासून चांगली लांब वळली होती.

"इकडची जागा सोडली का, अण्णा?"

"तुमी पेपर वाचता न्हवं का तिथं? आमी कवाच सोडलीय ती."

"आणि स्वयंपाकघर?"

"ते मागच्या अंगाला होतं. आता ऱ्हायलं." मग माझा चेहरा बघून तेच म्हणाले, "तुमी नका वाईट वाटून घेऊ. भाव काय कुणाचं ऐकतेत व्हय?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी पांढऱ्या रेघेकडे बघत उभा राहिलो.

वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे जेवून पांगले आणि आतून कडीचा आवाज येऊ लागला. लागली, निघाली, पुन्हा लागली. आत वहिनी एकट्याच हसत होत्या. अण्णा माझ्याजवळ पायरीवर बसले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीला दार नसतंय, सर. साडीचा पडदा. तरणी होती तवा ही पडद्याला पाठ लावून रातभर बसून ऱ्हायची, मला झोप म्हणायची. तवाच ठरवलं, घराचं कायबी होऊ, पयलं दार."

तेवढ्यात दार उघडलं आणि वहिनी मागच्या शेडकडे चहा टाकायला गेल्या. चूल अजून तिथेच आहे. पत्र्याखाली वाकून त्या धुरात फुंकत होत्या. अण्णांनी तिकडे बघितलं आणि सवयीने म्हणाले, "येतंय, येतंय मागून."

माझ्या खिडकीत आजही ऊन येतं. पेपर मी आता आतल्या खोलीत वाचतो. अण्णांच्या दारातून रोज जातो, चहा पितो, न बोलता परत येतो.

सुंदरावहिनींचं एक स्वयंपाकघर मी देणं लागतो. आणि अण्णांना खरं सांगणं.