सनमायक्याचा बंदोबस्त

वस्तू वापरली की जुनी होते, ही निसर्गाची एक गंभीर चूक आहे. कुरुंद्याच्या शिवहारने ती निदान स्वतःच्या घरापुरती दुरुस्त केली होती.

घर बांधलं तेव्हा त्याच्या बायकोने, भागाबाईने, वसमतच्या दुकानात पाय दुखेपर्यंत उभं राहून दुधासारखा पांढरा सनमायका निवडला. स्वयंपाकघरातली कपाटं झाली. जाताना सुतार सनमायक्यावरचा प्लास्टिकचा कागद ओढायला लागला, तसा शिवहारने त्याचा हात धरला.

"राहू द्या मिस्त्री, डाग पडतेत."

मिस्त्री समजूतदार होता. (त्याच्या घरचा पंखा अजून पिशवी घालूनच फिरत होता.)

पुढे कागद सगळ्यांच्या अंगवळणी पडला आणि विसरला गेला. मात्र हळदीच्या मुलखातली फोडणी रोज त्याच्यावर बसत राहिली. गेल्या दिवाळीला धाकटी जाऊ रागिणी हिंगोलीहून आली आणि म्हणाली, "अक्का, एवढा पिवळा रंग काहून निवडला हो?"

भागाबाईला हे फार लागलं. आयुष्यात एकच गोष्ट तिने स्वतःच्या पसंतीने घेतली होती, आणि तिलाही कावीळ झाली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रागिणी पुन्हा येणार होती. तोवर कपाटं पांढरी झाली पाहिजेत, असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला. (शिवहारला मत विचारलं नव्हतं.)

शिवहारने मोबाइलवर सनमायका रंगवायची विद्या शिकून घेतली. आधी पॉलिश पेपरने घासा, ही पहिली पायरी त्याने तत्त्वतः मान्य केली आणि प्रत्यक्षात फेटाळली. "चांगल्या चकाकीवर घासायला आमी काय येडे हाव?" प्रायमर हा शेवटी दिसतच नाही, म्हणून तो लावल्याचं गृहीत धरण्यात आलं. मग त्याने पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. कपाटं झळकली. भागाबाई त्या दिवशी उगाचच चारदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

हळदीकुंकवाला बायका जमल्या. चहाचं मोठं पातेलं उकळलं, वाफेने कपाटाच्या कोपऱ्यावर फुगा आला आणि रागिणीचं नख नेमकं तिथेच पोहोचलं.

"अक्का, हे काय निघून राहिलं?"

तिने ओढलं. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा रंगासकट कागद वरपासून खालपर्यंत उतरला. आत दुधासारखा पांढरा, कोरा करकरीत सनमायका होता. भागाबाईने त्यावर तळहात टेकवला आणि तिचे डोळे भरून आले. आपली पसंती ती इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच पाहत होती.

रागिणीने हातातला कागद घाईघाईने गुंडाळून ओट्यावर ठेवला. हिंगोलीच्या आपल्या नव्या किचनचा कागद तिनेही काढलेला नव्हता. इतर बायकांनाही एकाएकी घरची कामं आठवली.

रात्री शिवहार भीत भीत म्हणाला, "आता असं उघडं ठिवलं तर खराब व्हईल. उद्या वारंगा फाट्याहून प्लास्टिक आणू का?"

भागाबाईने डोळे पुसले. "उद्याच आणा. जाड बघून आणा."

आपण हसलात, हे योग्यच झालं. आता फक्त एवढंच करा : हे वाचताना ज्या सोफ्यावर बसला आहात, त्याचा मूळ रंग सांगा. कव्हर उचलून पाहायचं नाही.