शिरसाट मॅडमची मंजुरी

शिरसाट मॅडमनी हॉलमधल्या सेन्सरला लोकरीची टोपी घातली होती. तान्ह्या बाळाची असते तशी, पिवळी, गोंडा लावलेली, मुद्दाम त्या मापाची विणलेली. "मी पेपर वाचताना कुणी टक लावून बसलेलं मला खपत नाही," असं त्यांचं म्हणणं. ती डबी बघत नाही, नुसती हालचाल टिपते, असं मी समजावून पाहिलं.

"मग तर आणखीच वाईट. बघायचं नाही, आणि अहवाल मात्र पाठवायचा!"

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मॅडम माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. वय एकोणऐंशी. केंद्र सरकारात अवर सचिव होत्या. मी पुण्याहून इथे राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना "काकू" म्हटलं. "कोणाची काकू?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हापासून मॅडम.

मुलगा अभिजित बंगळुरूला असतो. आईची काळजी वाटते म्हणून त्याने तिच्या घरभर सेन्सर बसवले: हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराला, अगदी बाथरूमच्या दारालासुद्धा. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "माताजी, आपकी सेफ्टी के लिए है."

"माताजी बाद में. पहले बताइए, मंज़ूरी किसकी है?"

"जी, भैया की."

"घर माझं, पाय माझे, आणि मंजुरी भैयाची!" हे वाक्य त्यानंतर मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. आणि खरं सांगते, दर वेळी मला ते पटलं. पस्तीस वर्षं जिच्या सहीशिवाय फाइल हलत नव्हती, तिला साधं विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

एकदा अभिजितने सकाळी फोन करून विचारलं, "आई, आज बाथरूममध्ये इतका वेळ का लागला?" मॅडमनी फोन ठेवला आणि कागद घेतला. फोटो काढून त्याला पाठवायचं काम माझं, म्हणून मजकूर मला पाठ आहे. "विषय: स्नानगृहातील वास्तव्याच्या कालावधीबाबत. संदर्भ: आपला आजचा दूरध्वनी. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकर्ती बावीस मिनिटे आत होती. कारण देण्यास ती बांधील नाही."

पण कहर झाला तो पुढच्या आठवड्यात. अभिजितने आईचा आठवड्याचा तक्ता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. झोप किती, फ्रिज कितीदा उघडला, रात्री किती वेळा उठली, सगळं. खाली कुणीतरी हात जोडलेले टाकले, कुणीतरी फूल. मॅडम तडक खाली माझ्या दारात आल्या. "नोकरीत माझा गोपनीय अहवाल एकदाही कुणाच्या हाती लागला नाही गं. आणि पोटच्या पोराने चव्हाट्यावर मांडला!" त्या दिवशी मीच अभिजितला फोनवर चार शब्द सुनावले. तक्ता काढला त्याने. सेन्सर मात्र राहिले.

जानेवारीत एका दुपारी मी घरूनच काम करत होते, तर अभिजितचा फोन. "प्लीज, वर जातेस का? बाथरूमचं दार चाळीस मिनिटं बंद आहे. आई फोन उचलत नाहीये." माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली असते. धावत गेले.

बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. ढकललं तर मॅडम ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेल्या, घोटा सुजलेला, ओठ थंडीने निळे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आधी दार वाजवायचं असतं."

डॉक्टर येऊन गेले. हाड शाबूत होतं, नुसती मुरगळ. मी त्यांना रजईत गुंडाळलं, चहा दिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा मॅडम, शेवटी उपयोग झालाच ना!"

"उपयोग?" कप त्यांनी इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. "आता? माझ्यासाठी? तेव्हा कुठे होतं हे सगळं?"

बशीतला चहा त्यांनी परत कपात ओतला. मग बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होतो आम्ही. हे रिटायर झालेले, मी ऑफिसात. बाथरूममध्ये पडले अकराच्या सुमाराला. दुपारी मी फोन केला, उचलला नाही. वाटलं, झोपले असतील. मीटिंग होती, पुन्हा केलाच नाही. साडेसहाला घरी आले. आतून कडी. सुतार बोलावून दार काढलं. शुद्धीत होते. मला बघून पहिलं काय म्हणाले असतील? 'मीटिंग कशी झाली?'"

चार दिवसांनी ते गेले.

"अभिला वाटतं, मी आले तेव्हा ते नुकतेच पडले होते. मीच तसं सांगितलं. एवढी वर्षं मला वाटायचं, साडेसात तास म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे." त्यांनी रजई छातीशी ओढली. "आज चाळीस मिनिटांत कळलं, मला काहीच ठाऊक नव्हतं. फरशी फार गार असते गं."

माझं "उपयोग झालाच ना" मला कुठे लपवू, असं झालं होतं. तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन वाजला. अभिजित. मी घ्यायला हात पुढे केला, पण मॅडमनी त्याआधीच तो झडप घालून उचलला.

"हं, अभि. उचलला. पहिल्याच रिंगला उचलला बघ." फोन त्यांनी कानाशी घट्ट धरला होता. "नाही रे, ओरडत नाहीये मी. तू बोल. तुझी मीटिंग कशी झाली?"