आप्पांचं तिसरं 'नको'

आमच्या शेजारच्या शिवलकर आप्पांचं 'नको' तीन प्रकारचं असतं, आणि भाटे गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. पहिलं 'नको' म्हणजे हो. दुसरं 'नको रे, उगाच कशाला तरास' म्हणजे हो, पण जरा कमी वाढा. ताटावर आडवा हात धरून येतं ते तिसरं तेवढं खरं, आणि सोलकढी असली तर तेही खरं नसतं.

उभा जन्म त्यांनी मचव्यावर तांडेल म्हणून काढला. समुद्रात खलाशांवर ओरडणारा हा माणूस कुणाच्या ओटीवर चहा आला की नव्या नवरीसारखा लाजतो. आमच्याकडे कपात चहा ओतला जाईपर्यंत 'नको' चालू असतं. ओतून झाला की विचारतात, "साखर हाय ना?"

आप्पांची बायको, आमच्या काकी, गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांची हरिद्वारची हौस राहून गेली होती, म्हणून पौषात आप्पा निघाले आणि सोबतीला मी. परतताना दिल्लीत माझ्या लेकीने आम्हाला एका दिवसासाठी मोठ्या पंचतारांकित हॉटेलात खोली घेऊन दिली. "नको गो बाय," आप्पा म्हणाले. लेक भाट्याचीच, तिने पैसे आधीच भरले होते.

दिल्लीची थंडी काय सांगावी? धुक्यात समोरचा रस्ता दिसेना. आम्हा रत्नागिरीकरांची थंडी म्हणजे पहाटे पायाशी पडलेली चादर वर ओढायची, एवढीच. आप्पांच्या अंगात दोन स्वेटर, वर काकींची शाल आणि डोक्याला कानटोपी. हॉटेलात शिरलो आणि आतली ऊब लागल्यावर त्यांनी डोळेच मिटले. मग खालचा गालिचा पाहून चपला काढून हातात घेतल्या. दारवानाने सलाम ठोकला, आप्पांनी चपलांसकट परत केला.

खरी पंचाईत जेवणाच्या हॉलमध्ये झाली. वाफाळतं सूप घेऊन वेटर आला. "सर, सूप?"

"नको," आप्पा लाजून म्हणाले.

तो अदबीने वाकला आणि निघून गेला. आप्पा त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"गेला?"

"गेला."

"परत नाय इचारीत?"

मग गरम रोटी आली आणि गेली. गाजराचा हलवा आला, तुपाचा वास ठेवून गेला. मी म्हटलं, थांबा, मी बोलावतो. तर माझा हात धरला. "मागून खायाचं काय? इचारलं तर खायाचं."

एवढ्या पक्वान्नांत म्हातारा उपाशी राहणार, हे मला बघवेना. हात धुवायचं निमित्त करून मी वेटरला गाठलं. पिकल्या केसांचा, गढवालकडचा माणूस होता. त्याला म्हटलं, "भैया, इनको हर चीज तीन बार पूछना." त्याने मान डोलावली, टेबलाशी गेला आणि एका दमात म्हणाला, "सर सूप, सर सूप, सर सूप?" आप्पांनी गांगरून तिन्हींचं मिळून एकच 'नको' दिलं. तो पुन्हा गेला.

मी पुन्हा उठलो. "बीच में थोडा रुकना, भैया."

या वेळी त्याला कळलं. विचारलं, थांबला, पुन्हा विचारलं, आणि शेवटी जरा खाली वाकून म्हणाला, "थोडासा लीजिए ना, बाऊजी. ठंड है."

"बरं, तू म्हनतोस म्हनून," आप्पा मराठीत म्हणाले आणि वाटी पुढे सरकवली. मग सूप दोनदा झालं, रोट्या झाल्या आणि हलव्याला तर तिसरं 'नको' आलंच नाही.

दुपारी खोलीत आप्पा शाल गुंडाळून खिडकीशी बसले. बाहेर धुकं, आत ऊब, पोट भरलेलं. फार बरे दिसत होते.

"वेटर चांगला हाय," ते म्हणाले. "तू त्याला शिकवलंस, म्हाईत हाय मला."

मी हसून त्यांच्या शेजारी येऊन बसलो.

"ही व्हती तेव्हा मी नको म्हटलं की परत इचारायची. मी परत नको म्हनायचा. दिसभरात तेवढंच बोलनं व्हायचं आमचं." शालीचा पदर त्यांनी गुडघ्यावर नीट केला. "आता भात मीच रांधतो नि मीच वाढून घेतो. सोताला नको कसं म्हननार?"

काकी गेल्यापासून आप्पांच्या घरी कालवणाचा डबा पोचवणारे आम्ही, डबा ठेवायचा आणि वळायचं, एवढंच करत होतो. उठून मी खोलीतल्या किटलीत पाणी उकळलं.

"आप्पा, चहा?"

"नको."

"घ्या हो, गरम आहे."

"नको रे, उगाच कशाला तरास."

"आप्पा, माझ्यासाठी घ्या थोडा."

त्यांनी कपावर हात आडवा धरला नाही. मी ओतत होतो ती धार संपेपर्यंत ते बघत राहिले.

"साखर हाय ना?" त्यांनी विचारलं.