स्पॅनिश थाइमची भजी

आणखी एक भजं तोंडात टाकून उल्हासने डोळे मिटले. "आई, अप्रतिम! पानं कसली आहेत हो?"

"ओव्याची. तुमच्याच खिडकीतली," सकाळीच पुण्याहून लेकीकडे लंडनला, ईलिंगमध्ये आलेल्या लीलावतीबाई कौतुकाने म्हणाल्या. "इतका टवटवीत ओवा पुण्यातही नाही मिळत, उल्हासराव!"

उल्हासने वळून खिडकीकडे पाहिलं. कुंडीत नुसत्या काड्या उभ्या होत्या. भाड्याच्या वाफ्यांवर बागकाम करणाऱ्या हौशी मंडळींच्या अलॉटमेंट सोसायटीच्या उद्याच्या प्रदर्शनात 'स्पॅनिश आणि मेक्सिकन स्वयंपाकाची झाडं' असा विभाग होता. मेक्सिकन मिरच्या थंडीने गेल्यावर त्याची सारी भिस्त या 'स्पॅनिश थाइम'वर होती. खोली तापवणाऱ्या रेडिएटरजवळची जी जागा बायकोला कधी मिळाली नाही, ती त्याने या रोपाला दिली होती. लहानपणी हीच भजी खाल्लेल्या या गृहस्थाला कॅटलॉगमधल्या भारदस्त नावापुढे ओवा काही ओळखता आला नव्हता.

"आईला काही बोलू नकोस हं," त्याची बायको निवेदिता कुजबुजली.

"कुठल्या तोंडाने बोलू? त्याच तोंडाने पुरावा खाल्लाय."

पण लीलावतीबाईंना कळायचं ते कळलंच. "अगं बाई, बक्षिसाचं झाड होतं? जावयाच्या तोंडचा घास काढला की मी!"

"काढलात कुठे? घातलात."

उल्हास जाणारच नव्हता. लीलावतीबाईंनी ऐकलं नाही. "काड्या तर काड्या. मेहनत केलीय, लाजायचं काय त्यात?" उरलेली भजी ओव्हनमध्ये गरम करून त्याही निघाल्या.

मंडपात हिरव्यागार झाडांच्या रांगेत ती कुंडी पाहून परीक्षकबाई हळहळल्या. "गोगलगाईंनी खाल्लं?"

"नाही, मी," उल्हास प्रामाणिकपणे म्हणाला.

तेवढ्यात लीलावतीबाईंनी डबा उघडला. "घ्या हो. अजून एक घ्या. एकाने काय होतंय?"

भाषा कळली नाही तरी आग्रह कळला. परीक्षकबाईंनी एक खाल्लं, मग दुसरं, मग पुन्हा काड्यांकडे पाहिलं. "स्वयंपाकाची झाडं सगळ्यांनीच आणली आहेत. स्वयंपाक मात्र एकाच झाडाचा झालाय," त्या म्हणाल्या आणि बक्षिसाचा कप त्यांनी सरळ लीलावतीबाईंच्या हातात दिला.

उल्हासचा चेहरा क्षणभर पडला. पण क्षणभरच. झाड कशासाठी लावतात हे सासूबाईंना आल्या दिवशीच कळलं, याचं त्याला मनापासून कौतुक वाटलं.

लीलावतीबाईंनी कप त्याच्यापुढे धरला. "हं, घ्या. मान जावयाचा."

उल्हास भर मंडपात वाकून त्यांच्या पाया पडला. त्याचं काहीतरी हरवलं असावं असं वाटून परीक्षकबाईही लगबगीने वाकल्या आणि टेबलाखाली शोधू लागल्या.